घोड्यांची दुनळी: दुरुस्तीआधी वाचायचा इतिहास

जुन्या दुनळीच्या नळ्या काढून उलट्या केल्या की बुडाजवळच्या सपाट भागावर बारीक छाप दिसतात; नळी दाबाच्या कसोटीला उतरल्याच्या या खुणा. कानस हातात घेण्याआधी ते वाचावेत. घोडे (चाप ओढला की आपटणाऱ्या हातोड्या) बाहेर असलेली, मागून काडतूस भरायची दुनळी साधारण १८५० ते १९०० या पन्नास वर्षांत घडत गेली आणि या काळात दर काही वर्षांनी तिचा एखादा भाग बदलला. १८६५ची बंदूक १८९५ची समजून दुरुस्त केली तर ती बिघडते. प्रसंगी हातात फुटते.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. कासिमीर लफोशे याने १८३५ साली पिनच्या काडतुसाचं पेटंट घेतलं. काडतुसाच्या बुडाशी एक पिन बाहेर डोकावायची आणि घोडा वरून तिच्यावर आपटायचा. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि जोसेफ लँगसारख्यांनी ती उचलली. १८६१ मध्ये जॉर्ज डॉने बुडाच्या मधोमध टोपी (आघाताने पेटून दारू पेटवणारा भाग) असलेलं काडतूस इंग्लंडमध्ये आणलं आणि पिनचे दिवस भरले. पुष्कळ जुन्या बंदुका तेव्हा नव्या काडतुसासाठी बदलून घेतल्या गेल्या. नळीच्या मागच्या तोंडाशी, वरच्या कडेला बुजवलेली खाच दिसली तर बंदूक मूळची पिनची. त्या भरावाभोवती केसाएवढी फट असली तरी ती भिंतीवरच शोभावी.

यानंतरचा महत्त्वाचा बदल लॉकमध्ये, म्हणजे घोडा चढवणाऱ्या-पाडणाऱ्या यंत्रणेत, झाला. जुन्या लॉकमध्ये पडलेला घोडा फायरिंग पिनवर तसाच दाबून राहतो आणि पिनचं टोक टोपीत रुतलेलं असतं. म्हणून बंदूक उघडण्याआधी दोन्ही घोडे हाताने अर्ध्यावर ओढावे लागत. हे विसरलं की टोक वाकायचं किंवा तुटायचं. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटनने १८६७ मध्ये यावर उपाय काढला: मुख्य स्प्रिंगच पडलेल्या घोड्याला किंचित मागे रेटते. दुरुस्तीत हा फरक फार मोलाचा आहे. जुन्या लॉकच्या टंबलरवर (घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या तुकड्यावर) दोन खाचा असतात: एक पूर्ण चढीची, आणि दुसरी अर्ध्या चढीची, बंदूक भरलेली असताना अपघात टाळणारी. रिकाम्या बंदुकीत घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोरात ओढून बघा; घोडा तसूभरही सरकता कामा नये. सरकला तर खाचेची कड झिजली किंवा टवका उडाला आहे. ती कानशीने ‘साफ’ करण्याचा मोह टाळा. वरचा कडक थर निघून जातो, खालचं मऊ लोखंड लवकर झिजतं आणि कोन बदलतो तो वेगळाच. खाच नव्याने घडवून तिला पुन्हा पाणी द्यावं लागतं.

उलट स्टँटनच्या पद्धतीच्या लॉकमध्ये घोडा मागे येत नसेल तर स्प्रिंगला दोष देण्याची घाई नको. बहुतेकदा वाळून राळेसारखं झालेलं तेल किंवा फुगलेलं लाकूड आड येत असतं. स्प्रिंग काढायचीच असेल तर घोडा पूर्ण चढवा, स्प्रिंगला चिमटा लावा आणि मग घोडा उतरवा. ती सैल होऊन निघते. पूर्ण चढीला ती जेवढी मिटते त्याहून जास्त दाबली तर इंग्रजी ‘व्ही’सारख्या वाकणाच्या कोपऱ्यात तुटते.

नळ्या जागेवर धरणारी कुलपंही याच काळातली. हेन्री जोन्सची खालची फिरती दांडी १८५९ची, पर्डीचा दुहेरी बोल्ट १८६३चा, आणि बोटाने सरकवायची वरची कळ जोडणारी स्कॉटची खुंटी १८६५ची. जोन्सची पकड संथ, पण स्क्रूसारखी आवळणारी, त्यामुळे अशा बंदुका आजही घट्ट सापडतात. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक दस्त्याने धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बिजागरीची खीळ किंवा तिच्यावर बसणारा हूक झिजलेला आहे. हुकावर वेल्डिंगचा थेंब टाकून घट्ट करणारे बरेच असतात, पण त्या उष्णतेने शेजारचा डाख सुटतो. किंचित जाड खीळ घडवून बसवणं हाच खरा उपाय.

नळ्यांचा इतिहास सगळ्यांत देखणा. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून, ठोकून सळया करायच्या, त्या पिळायच्या, दोन-तीन पिळलेल्या सळया शेजारी-शेजारी सांधून त्यांची फीत करायची आणि ती गजाभोवती गुंडाळून पुन्हा ठोकून जोडायची. नागमोडी नक्षी दिसते ती या पिळाची. बेल्जियममधल्या लिएजच्या परिसरात हा धंदा मोठा होता. पहिल्या महायुद्धानंतर तो जवळपास संपला. या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. बिनधुराच्या दारूचा दाब नळीत पुढेपर्यंत टिकतो, आणि तिथे भिंत पातळ असते. त्यात जुन्या टोप्यांमधला क्षार ओल धरतो, म्हणून आतून खड्डे पडतात.

आता छापांकडे. १८७५ ते १८८७ मध्ये आवळत्या तोंडाच्या इंग्रजी नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असे शब्द आढळतात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२ आणि ‘सी’ असेल तर नळी १८८७ नंतरची. बिनधुराच्या दारूची वेगळी कसोटी १८९६ पासून. ‘नायट्रो’चा छाप नसेल तर ती दारू त्या नळीत घालू नये. खड्डे घासून काढले की भोक वाढतं. बुडापासून ९ इंचांवर ते छापातल्या मापापेक्षा ०.०१० इंच वाढलं की इंग्लंडमध्ये जुनी कसोटी रद्द धरली जाते. भिंत ०.०२० इंचांहून, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून, पातळ असेल तर घासणं थांबवा. काडतुसाचं घरही मोजा: जुनं बहुधा ६५ मिमीचं असतं. त्यात ७० मिमीचं काडतूस बसतं, पण त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब चढतो.

रंग देताना हाच इतिहास आड येतो. दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाखाने बसवलेली असते. निळा रंग देणारं कढत कॉस्टिक क्षारांचं पाणी हा डाख खातं, आणि पट्टीखाली अडकलेले क्षार काही महिन्यांनी गंज बनून पाझरतात. म्हणून नळ्यांची तोंडं बुचांनी बंद करून गंज आणणारं द्रावण हलक्या हाताने लावायचं, दमट जागी ठेवायचं, गंज धरला की स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळायचं आणि बारीक तारेच्या ब्रशने घासायचं. उकळण्याने तांबडा गंज काळा होतो. असे सहा ते दहा हात लागतात. पिळाच्या नळीला शेवटी फेरिक क्लोराइडचा सौम्य हात दिला की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंग धरतात आणि नक्षी वर येते. रंगाआधी नळ्या हुकाने टांगून बोटाच्या पेराने वाजवून पाहा. घंटेसारखा नाद आला तर पट्टी पक्की. बद्द आवाज आला तर डाख कुठेतरी सुटला आहे आणि तो आधी बसवायला हवा.