आधी कॉइल वाळवा

जुलै लागला की बडोद्यातल्या एसीवाल्यांकडे एकच तक्रार येते. गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटं कुबट वास मारतो, मग आपोआप जातो. अकोटा-दांडिया बाजार पुलावर वाहतूक तुंबली की पुन्हा येतो. बहुतेकांचा पहिला अंदाज 'गॅस कमी झाला असेल' हा. गॅसचा इथे काही संबंध नाही. एसीतल्या गॅसला जवळजवळ वासच नसतो, आणि तो कमी झाला तर हवा गार येत नाही, एवढंच. पण वास येतो, जातो, परत येतो, हे मात्र नीट लक्षात ठेवायला हवं. दुखणं कुठे आहे ते त्यातूनच कळतं.

डॅशबोर्डच्या आत, बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी असते. हीच कूलिंग कॉइल. एसी चालू असताना तिचं तापमान शून्याच्या जरा वर, साधारण 2 ते 5 अंश असतं. त्याहून खाली जाऊन बर्फ धरू नये म्हणून सेन्सर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद करतो. आता पावसाळ्यातली हवा घ्या. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम वाफ असते. 5 अंशांच्या हवेत जेमतेम 7 ग्रॅम मावते. उरलेले 17 ग्रॅम, म्हणजे तीन-साडेतीन चमचे पाणी, कॉइलवर उतरतं. ब्लोअर, म्हणजे एसीचा पंखा, तासाभरात असे कितीतरी घनमीटर ढकलत असतो. हे सगळं पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं, पण पत्र्यांच्या फटींत ओल राहतेच.

त्या ओलीला धूळ, कपड्यांचे तंतू, आपल्याच त्वचेचे कण, कधीतरी गाडीत खाल्लेल्या सेव-उसळीची वाफ येऊन चिकटते. सूक्ष्मजीवांना एवढं पुरतं. गाड्यांच्या कॉइलवर क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम, ॲस्परजिलस या बुरश्या सापडतात, आणि मिथायलोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू पत्र्यावर चिकट थर धरून बसतात. वास या मंडळींच्या चयापचयातून सुटणाऱ्या रेणूंचा असतो. त्यातलं 1-ऑक्टेन-3-ऑल अळंबीसारखं वासतं, तर जिओस्मिन म्हणजे ओल्या मातीचा वास. जिओस्मिन हवेत अब्जाच्याही हजाराव्या हिश्शाच्या आसपास असलं तरी आपलं नाक ते टिपतं. म्हणून कॉइलवर डोळ्यांना फारसं काही दिसत नसतानाही गाडीत बसवत नाही.

मग वास येतो-जातो का? कॉइल गार आणि भिजलेली असते तेव्हा हे रेणू पाण्याच्या थरात अडकून राहतात. कॉम्प्रेसर थांबला की पत्रे कोमट होतात, पाणी उडू लागतं आणि त्याबरोबर वासही बाहेर पडतो. पुलावर इंजिन नुसतं घुरघुरत असताना नेमकं हेच होतं. पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस ओलसर राहिलेल्या कपड्यांना जो वास येतो, त्याची जातकुळी हीच: घाण फार नसते, वाळणं लांबलेलं असतं.

रावपुऱ्यातून अलकापुरीला जायचं, पंधरा मिनिटं एसी लावायचा आणि कॉइल पुरती निथळायच्या आत किल्ली काढायची, हा बहुतेकांचा रोजचा शिरस्ता. त्यानंतर आठ-दहा तास ती ओली जाळी एका बंद, अंधाऱ्या, उबदार पेटीत पडून असते. बुरशीला आणखी काय हवं?

उपाय त्यामुळे साधा आहे. मुक्काम जवळ आला की एसीचं बटण बंद करायचं, ब्लोअर मोठा ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेरची हवाच दमट, तिने काय वाळणार, असं वाटेल; पण कॉइल 30 अंशांवर आली की 80 टक्के आर्द्रतेच्या हवेतही पाणी उडतं, फक्त सावकाश. एक काळजी घ्या. मुसळधार पावसात चालत्या गाडीत हे करू नका, कारण कॉइलवरून उडालेली वाफ समोरच्या काचेवर धुकं धरते. गाडी लावून, दारं उघडी ठेवून चार-पाच मिनिटं ब्लोअर चालवा.

थर जुना असेल तर वाळवून भागत नाही. आधी एसीचा फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स खाली पाडला की एक प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि कागदाच्या घड्यांची पट्टी सरकून हातात येते. आमच्या शहरात गाड्या कडुनिंबाखाली लावायची रीत, त्यामुळे घड्यांमध्ये निंबाच्या वाळक्या काड्या, काळी धूळ आणि एखादा मेलेला डास हमखास निघतो. फिल्टर झटकून परत बसवू नका, नवा घाला. वायपरखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळाही काढा, कारण बाहेरची हवा तिथूनच आत येते. कॉइलसाठी खास फोम मिळतो. नळीवाटे तो आत सोडला की काही वेळाने खालून काळपट पाणी येतं. घरातलं ब्लीच मात्र तिथे नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

डॅशबोर्डवरच्या अत्तराच्या बाटलीबद्दल माझं मत वाईट आहे: कुबट वासात गुलाबाची भर पडते, दुसरं काही नाही. डांबरगोळ्या त्याहून वाईट. उन्हात तापलेल्या बंद गाडीत नॅप्थालीनची वाफ कोंडते, आणि जी6पीडी हे एन्झाइम कमी असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. गाडीत ओझोन वायू भरून वास घालवून देणारेही आहेत. ओझोन वासाचे रेणू मोडतो खरा, पण पत्र्यावरचा थर जागच्या जागी राहतो आणि तो वायू फुफ्फुसांना घातक आहे.

गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात एसी लावूनही ते ठिबकत नसेल, तर मात्र नळी तुंबलेली असते. मग पाणी आत उतरतं आणि डाव्या सीटच्या पायाशी चटई भिजते. गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर धरत असेल, तर बुरशी सोडा, हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, गळतंय. त्यात इथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असतं, गाडी लगेच दाखवा.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या आणि कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाडीची कॉइल कितीही धुतली तरी वास जात नाही, कारण तो गालिच्याखालच्या फोमात असतो, आणि फोम काढल्याशिवाय वाळत नाही. बडोद्यात जुनी गाडी बघायला गेलात आणि आत अत्तराचा घमघमाट असला, तर एसी नंतर लावा. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा, मग डाव्या बाजूचा गालिचा उचलून खालचा फोम बोटाने दाबा.