घानामध्ये भ्रष्टाचाराची माहिती कोण, कुठे आणि कशी देऊ शकतो?

डोळ्यांदेखत सरकारी पैसा खाल्ला जातोय, पण सांगायचं कुणाला? घानाच्या २००६ सालच्या व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीच्या, कायद्याने (अधिनियम ७२०) याचं उत्तर मोठ्या समजुतीने दिलं आहे. पोलीस, ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य कायदा सल्लागार), ऑडिटर जनरल (सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी), खासदार किंवा मानवी हक्क व प्रशासकीय न्याय आयोग (इंग्रजी आद्याक्षरं CHRAJ, म्हणून तिथे सगळे ‘श्राज’ म्हणतात) यांच्याकडे जाता येतंच. पण गावचा पारंपरिक प्रमुख, आपल्याच घराण्यातला वडीलधारा किंवा धर्मसंस्थेचा प्रमुख यांच्याकडे दिलेली माहितीही कायद्याला चालते. ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, त्याच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

पात्रतेची अट सोपी आहे. नोकर मालकाविरुद्ध, सहकारी सहकाऱ्याविरुद्ध किंवा कुणीही व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीविरुद्ध वा संस्थेविरुद्ध बोलू शकते. हेतू मात्र प्रामाणिक हवा आणि माहिती बहुतांशी खरी आहे असं मानायला रास्त कारण हवं.

निवेदनात स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, व्यवसाय, काय गैरप्रकार घडला, कुणी केला, कधी, कुठे आणि कुणी पाहिलं हे लिहावं. आधी दुसरीकडे तक्रार केली असेल तर तेही सांगावं. कागदपत्रं असतील तर माझा सल्ला असा, की झेरॉक्स जोडा, मूळ प्रत आपल्याजवळ ठेवा.

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ऐकणाऱ्याने ते लिहून घ्यायचं, सांगणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा घ्यायचा. अंगठा उमटवण्याआधी प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख नीट ऐका; पुढे तोच कागद तुमच्या वतीने बोलणार असतो.

निघताना लेखी पोच मागून घ्या. ती देणं आणि तुमचं नाव गुप्त ठेवणं, दोन्ही त्यांच्यावर बंधनकारक आहे. चौकशीला ६० दिवसांची मुदत असते. पैसा वसूल झाला तर १० टक्के किंवा ॲटर्नी जनरल ठरवतील तेवढं बक्षीस मिळू शकतं.

माहिती दिली म्हणून कामावरून काढलं, बदली केली किंवा छळ सुरू झाला, तर थेट ‘श्राज’कडे तक्रार करा. उच्च न्यायालयाचा मार्गही खुला आहे. जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस संरक्षण मागता येतं. आणि ‘बाहेर काही बोलणार नाही’ असं नोकरीच्या करारात लिहून घेतलं असेल, तरी घाबरू नका: गैरप्रकार उघड करण्यापासून रोखणारं असं कलम कायद्याने रद्दबातल ठरतं.