मुंबईतील मराठी बायबल-अभ्यास

बायबलमधील ग्रंथांची भाषा, रचना, काळ आणि त्यांतला ईश्वरविचार तपासणारी विद्या मुंबईत मराठीतून रुजली ती एकोणिसाव्या शतकात. तिचे श्रेय सहसा मिशनऱ्यांच्या पदरी टाकले जाते, पण तेवढे पुरेसे नाही. बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू), शास्त्री-पंडित आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनीही हा ग्रंथ वाचला. काहींनी तर तो खोडून काढण्यासाठीच वाचला, आणि अभ्यासाला धार आली ती त्यांच्यामुळे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. बायबलचा येशूविषयीचा उत्तरभाग, म्हणजे नवा करार, मराठीत १८११ मध्येच बंगालमधील सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी काढला होता. मुंबईत छापलेला १८२६ चा.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण चक्क मराठीतून प्रसिद्ध केले. त्याला वाचक होते. घरात मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे बेने इस्राएल मुंबईत स्थिरावले होते. मांडवीतले त्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ चे. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. ख्रिस्ती लोक ज्याला ‘जुना करार’ म्हणतात तो ज्यूंच्या दृष्टीने जुना नाही, अपुराही नाही. ‘जुना’ हे विशेषणच एका धर्ममताचा निवाडा आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

‘करार’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठी कानाला भाडेकराराची आठवण देतो : दोन पक्ष, दोन सह्या. हिब्रूत त्यासाठी ‘ब्रीत’ हा शब्द आहे, आणि तो केला जात नाही, ‘कापला’ जातो. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात ज्यूंचा मूळपुरुष अब्राम कालवड, शेळी आणि एडका मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडतो. सूर्य मावळतो, त्याला गाढ झोप लागते, आणि त्या तुकड्यांमधून धुमसणारी शेगडी व जळती मशाल जाते. अब्राम त्यांमधून चालत नाही. बांधून घेतो तो एकटा देव. हा एकतर्फीपणा ‘करार’ या शब्दात मावत नाही. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘दियाथीकी’ आला. त्याचा अर्थ मृत्युपत्र असाही होतो, आणि नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९ व्या अध्यायातला युक्तिवाद या दुहेरी अर्थावरच उभा आहे. मराठीत तिथे एकदा ‘करार’ आणि एकदा ‘मृत्युपत्र’ लिहावे लागते, मग दुवा तुटतो. अशा जागी भाष्याला पर्याय नसतो. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठी भाष्य लिहिले, त्याचे मोल यासाठी.

योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ‘प्रारंभी शब्द होता’ असा होतो. मूळ ग्रीक ‘लोगोस’ या शब्दामध्ये वाणी आणि विवेक दोन्ही आहेत. मराठी वाचकाला मात्र शब्दप्रमाण (शास्त्रवचन हे ज्ञानाचे साधन मानणे) आठवते, तुकोबांचे ‘शब्दचि हा देव’ आठवते. विवेकाचा अर्थ मागे पडतो आणि ग्रीक वाचकाला न सुचलेला अर्थ पुढे येतो. माझ्या मते हे नुकसान नाही. मराठी ईश्वरविचाराने खरे काम करावे असे ठिकाण हेच.

श्रद्धेच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न वादांतून उभा राहिला. मोरभट दांडेकर यांनी १८३१ मध्ये हिंदू धर्माचे मंडन करणारे पुस्तक लिहिले, विल्सन यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले. १८५७ मध्ये वैदिक धर्माचे प्रचारक विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. चमत्कारांवरून देवत्व सिद्ध होत असेल तर पुराणांतल्या चमत्कारांचे काय, आणि एका ग्रंथाला प्रमाण मानायचे तर दुसऱ्याला का नाही, हे प्रश्न अशा वादात टाळता येत नाहीत. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ साक्षात ईश्वरप्रणीत वा सर्वस्वी निर्दोष नाही, अशी भूमिका घेतली. त्याच समाजाच्या वतीने विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले आणि परतल्यावर मुंबईत समाजाचे प्रचारक झाले.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये चौपाटीवर शारदा सदन हे विधवांसाठीचे वसतिगृह व शाळा सुरू केले. पुढे पुण्याजवळच्या केडगावी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते, तरी शब्द निवडले ते सामान्य बाईला कळतील असे. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ पूर्ण रूपात १९२४ मध्ये निघाला. मुंबईशेजारच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० चे.