गरोदरपणातलं मधल्या वेळचं खाणं (नागपूर)

गरोदर बाई दोन जेवणांच्या मधे थोडं थोडं जे खाते ते. म्हणजे सकाळचं अकराचं, दुपारी चारचं आणि रात्री झोपायच्या आधीचं. नागपुरात याला खास असं नाव नाही, 'काहीतरी तोंडात टाक माय' एवढंच म्हणतात, पण नऊ महिन्यांत जेवणाइतकंच काम हे करते. कारण साधं आहे, प्रोजेस्टेरॉन हार्मोन वाढल्यामुळे पचन मंदावते, पुढे गर्भाशय वर सरकून जठराला दाबते, मग पूर्ण ताट एका बैठकीत जात नाही आणि गेलंच तर छातीत जळजळ. म्हणून कमी कमी पण पाच-सहा वेळा खायला सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत सकाळी मळमळते तेव्हा तर पलंगावरून उठायच्या आधीच दोन-चार मुठी कोरडे मुरमुरे खाल्ले की बऱ्याच जणींना बरं वाटते.

'दोन जीवांची आहेस, दोघांचं खा' हे सासू, मावशी, शेजारच्या काकू सगळ्याच सांगतात, आणि हे अर्धंच खरं आहे. आयसीएमआर, म्हणजे देशातली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था, तिच्या 2020 च्या शिफारशीत गरोदर बाईला रोजचे जास्तीचे 350 कॅलरी धरले आहेत, बस. एक केळ, एक ग्लास दूध आणि मूठभर फुटाणे, झाले साधारण तेवढे. प्रोटीन मात्र बरंच जास्त लागते, दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत 22 ग्रॅम वरचं, आणि आपल्याकडे गडबड इथंच होते, कारण वरचं खाणं म्हणजे बिस्कीट, टोस्ट, फरसाण असंच समजतात, त्यात मैदा, तेल, मीठ भरपूर आणि प्रोटीन नावाला.

खरं तर इतवारी बाजारातल्या कोणत्याही फुटाणेवाल्याकडे यावरचा स्वस्त इलाज मिळते. फुटाणे, फल्लीदाणे (शेंगदाणे), गूळ. माझ्या वहिनीच्या पर्समधे सातव्या महिन्यात एक स्टीलची डबी असायची, झाकण जरा ढिलं, त्यामुळे पर्समधला रुमाल, चाव्या, सोनोग्राफीची फाईल, सगळ्याला फुटाण्याचा वास आणि मोबाईलच्या कव्हरमधे टरफलं, पण दवाखान्यात तीन तास लाईनमधे बसून तिला कधी चक्कर आली नाही. याशिवाय उकडलेलं अंडं, ताक, दही, शिजवलेली मोड आलेली मटकी (कच्चे मोड नको, त्यात जंतू असू शकतात), तिळाची चटणी पोळीसोबत, हिवाळ्यात जाम, म्हणजे पुण्यामुंबईकडचा पेरू.

आता संत्रं. नागपुरी संत्र्याला 2014 मधे जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला हे सगळ्यांना माहीत असते, पण गरोदरपणात त्याचं खरं काम लोहासाठी आहे. पालक, डाळ, फुटाणे यांतलं लोह शरीर कमीच शोषते, सोबत व्हिटॅमिन सी असलं की जास्त शोषते. संत्र्याचे दोन बहार, आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात आणि मृगाची होळीच्या आसपास, म्हणजे चार-पाच महिने तर ती हाताशीच असतात, बाकीच्या वेळी लिंबू किंवा आवळा. ज्यूस काढण्यापेक्षा फोडी खाव्या, चोथा पोटात गेला तर लोहाच्या गोळ्यांमुळे होणारी कॉन्स्टिपेशन कमी होते. संत्र्यानं सर्दी होते म्हणून बंद करणाऱ्या घरांना काय सांगावं!

आणि याच्या उलट चहा. सरकारी दवाखान्यातून दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक याप्रमाणे 180 दिवस लोहाची गोळी देतात, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची, ती चारच्या चहासोबत घेतली की चहातलं टॅनिन लोह अडवते, अर्धी मेहनत वाया. एक तासाचं अंतर ठेवावं. कॅल्शियमची गोळीही सोबत नको, दोन तास तरी मधे जाऊ द्यावे. एनएफएचएस-5 या सरकारी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायांना अ‍ॅनिमिया होता, म्हणून ही कटकट. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर डोहाळे म्हणून हसू नये, लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

विदर्भात अजून एक गोष्ट पाहावी लागते ती सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. इथं रक्त कमी म्हणजे दरवेळी लोह कमी असंच नसते, म्हणून सिकलसेलची टेस्ट करून घ्यावी आणि गूळ, बीट, खजूर यांच्या भरवशावर बसू नये.

तर्री पोहे? पोहे खा, तर्री (वरचा तिखट तेलकट रस्सा) बाजूला. सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण, तर शेवटच्या महिन्यांत अ‍ॅसिडिटीला आमंत्रणच. पाणीपुरीचं मन झालं तर घरी उकळून गार केलेल्या पाण्याची करावी, बर्डीवरची (सीताबर्डी बाजारातली) पुढच्या वर्षी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाते तेव्हा मात्र खाण्याआधी पिण्याचं पाहा, पन्हं, ताक, लिंबूपाणी, टरबूज, आणि कापलेलं फळ गाडीवरून घेऊ नका.

अंगणवाडीत नाव नोंदवलं तर घरी न्यायचा पूरक आहार मिळते, चव सगळ्यांना आवडते असं नाही, भाजून त्यात फल्लीदाण्याचा कूट टाकला की चालून जाते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. दोन झाकलेल्या वाट्या समोर ठेवतात, एकीत पेढा एकीत बर्फी, पेढा निघाला तर मुलगा अन् बर्फी निघाली तर मुलगी, आपल्याकडे ती बर्फी बरेचदा संत्र्याचीच. ज्यांची 75 ग्रॅम ग्लुकोजच्या टेस्टनंतर दोन तासांची शुगर 140 किंवा वर आली आहे (म्हणजे गरोदरपणातला मधुमेह) त्यांनी वाटी खुशाल उघडावी, आतलं नणंदेच्या हातावर ठेवावं.