गरोदरपणातील वांग : इग्बो स्त्रिया

गरोदरपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर उमटणाऱ्या गडद डागांना मराठीत वांग म्हणतात. वैद्यकातले नाव मेलॅस्मा. गरोदरपणात तो उद्भवला तर क्लोॲझ्मा असेही म्हणतात. वांग जगभरातल्या स्त्रियांना होते, पण ही नोंद नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो स्त्रियांपुरती आहे. अनाम्ब्रा, एनुगू, इमो, अबिया आणि एबोन्यी ही पाच राज्ये इग्बो लोकांचा मुख्य मुलूख. तिथे पोट दिसू लागले की गोतावळ्यातल्या बायकांचे लक्ष चेहऱ्याकडेही जाते.

इग्बो लोकांत कातडीच्या छटा पुष्कळ आहेत, तांबूस गव्हाळ रंगापासून गर्द काळ्यापर्यंत. उजळ बाईला नायजेरियन बोलीत ‘यलो’ म्हणतात, आणि कौतुक करायचे तर ‘यलो पॉपॉ’, म्हणजे पिकलेली पपई. अशा चेहऱ्यावर वांग चटकन दिसते. गालाच्या हाडांवर दोन्ही बाजूंना जवळपास सारखे डाग येतात. त्यांची कड नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी असते, आणि ओठावर मिशीची सावली पडल्यासारखे वाटते. कातडी मुळातच गर्द असेल तर वेगळा डाग चटकन सापडत नाही. कधी सगळा चेहराच मानेपेक्षा काळा दिसतो, कधी त्यात राखाडी झाक असते. पाठ्यपुस्तकातली छायाचित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, म्हणून अशा बाईचे वांग तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटते. तेव्हा चेहऱ्याचा रंग कानामागच्या किंवा हनुवटीखालच्या, उन्हापासून झाकल्या जाणाऱ्या कातडीशी ताडून पाहावा. फरक तिथे लगेच कळतो.

गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि रंगपेशींना चालना देणारे संप्रेरक वाढते. त्यांच्या प्रभावाखाली कातडीतल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन, म्हणजे कातडीचे रंगद्रव्य, तयार करतात. याच काळात स्तनाग्रांभोवतीचे वर्तुळ गडद होते आणि बेंबीवरून खाली जाणारी काळी रेषा उमटते. चेहऱ्यावर मात्र संप्रेरकांच्या जोडीला ऊन लागते. अनाम्ब्रा राज्यातल्या ओनित्शा शहराच्या बाजारात दिवसभर उघड्यावर बसणारी किंवा कसाव्याच्या शेतात वाकून काम करणारी बाई रोज हे ऊन सोसते. त्यातले अतिनील किरण तर वांग वाढवतातच, पण गडद कातडीवर डोळ्यांना दिसणारा निळसर प्रकाशही ते वाढवतो. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते. गरोदर स्त्रियांपैकी किती जणींना वांग होते याचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, पण १५ ते ५० टक्के हा पल्ला वारंवार दिला जातो.

आईचा चेहरा काळवंडला, नाक फुगले तर मुलगा, आणि ती तजेलदार दिसली तर मुलगी, असा आडाखा नायजेरियात बांधतात. आपल्याकडच्या आजीबाईही पोटाच्या आकारावरून असेच बोलतात. बाळाच्या लिंगाचा आणि वांगाचा काहीही संबंध नाही. पण या बोलण्याचा ताण बाईवर येतो, आणि तिला पहिली मुलगी असेल तर जास्तच येतो.

चेहऱ्यावरचा काळा रंग इग्बो समाजात कायम नकोसा नव्हता, हे इथे सांगितलेच पाहिजे. ‘उली’ नावाच्या वनस्पतीच्या रसाने बायका एकमेकींच्या अंगावर आणि चेहऱ्यावर नक्षी काढत. रस लावताना फिकट दिसे, मग हवा लागून निळसर काळा होई आणि काही दिवसांत उतरून जाई. एक नाजूक वळसा, एक ठिपका, बाकी मोकळी कातडी, अशी त्या नक्षीची रीत होती. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली विसाव्या शतकात ही चाल मागे पडली. पुढे उचे ओकेके यांच्यासारख्या चित्रकारांनी न्सुक्का इथल्या विद्यापीठात तिला कॅनव्हासवर आणले. उलीबरोबर ‘उहिए’ म्हणजे कॅमवुडच्या लाकडाची तांबडी पूड आणि ‘न्झू’ म्हणजे पांढरी माती हीसुद्धा अंगाला लावायची द्रव्ये. बाळ जन्मल्याची बातमी आली की बायका गात येतात आणि एकमेकींच्या मानेला, चेहऱ्याला पांढरी पूड लावतात. पूर्वी ती न्झू असे, आता बरेचदा टाल्कम पावडर असते. रस्त्यात कुणाची मान पांढरी दिसली की घरात बाळ आले हे न विचारताच कळते.

न्झू खाल्लीही जाते. बाजारात तिचे अंड्याएवढे किंवा बोटाएवढे गोळे मिळतात, आणि मळमळ थांबते म्हणून गरोदर बायका ते कुरतडतात. आपल्याकडे डोहाळ्यात भाजकी माती किंवा पाटीवरची पेन्सिल खातात, त्यातलाच हा प्रकार. वांगावर त्याचा उपयोग नाही, आणि अशा मातीत शिसे सापडल्यामुळे ब्रिटनच्या अन्नसुरक्षा खात्याने गरोदर स्त्रियांना ती न खाण्याचा इशारा दिला आहे.

वांगाने आईला किंवा बाळाला काही होत नाही. अपाय होतो तो ते घालवण्यासाठी लावलेल्या क्रीमने. लागोसमधल्या विक्रेत्यांच्या एका पाहणीत ७७ टक्के लोक रंग उजळणारी प्रसाधने वापरत होते. हाच आकडा पुढे सगळ्या नायजेरियन बायकांचा म्हणून जगभर सांगितला गेला, तो तसा वापरणे बरोबर नाही. पण वापर मोठा आहे यात शंका नाही. बाजारात गिऱ्हाईकाच्या रंगाप्रमाणे दोन-तीन क्रीम मिसळून डबी भरून देणारे असतात, आणि त्या डबीत काय आहे हे लिहिलेले नसते. त्यात पारा असू शकतो. तो कातडीतून रक्तात जातो, वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि दुधातही उतरतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारानुसार अशी प्रसाधने २०२० पर्यंत बंद व्हायची होती. नायजेरिया त्या करारात आहे, तरी माल मिळतोच. अशा क्रीममधले क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड कातडी पातळ करते, आणि अंगभर फासले तर बाळाच्या वजनावर परिणाम होऊ शकतो. हायड्रोक्विनोन हे रंग उजळणारे रसायन कातडीतून बऱ्यापैकी शोषले जाते, म्हणून गरोदरपणात टाळतात. वर्षानुवर्षे लावले तर ओक्रोनोसिस होतो, म्हणजे ज्या गालावरचा डाग घालवायचा त्याच गालावर निळसर काळे, खरखरीत चट्टे पडतात आणि ते सहसा जात नाहीत. डाग घालवायला निघालेल्या बाईच्या पदरी कायमचा डाग पडावा, याचे फार वाईट वाटते.

गरोदरपणात करण्यासारखे थोडेच आहे. रुंद काठाची टोपी किंवा छत्री, आणि लोह ऑक्साइड असलेले, म्हणजे थोडी रंगीत झाक असलेले सनस्क्रीन. पांढऱ्या सनस्क्रीनने दिसणारा प्रकाश पुरेसा अडत नाही, आणि गर्द चेहऱ्यावर ते राखेसारखे दिसते म्हणून बायका लावतही नाहीत. औषध हवेच असेल तर ॲझेलेइक ॲसिड सुरक्षित मानतात. ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व अ-च्या गटातले औषध मात्र बाळंतपणापर्यंत लांब ठेवायचे.

बाळंतपणानंतर इग्बो घरात ‘ओमुग्वो’ सुरू होते. बाळंतिणीची आई राहायला येते, गरम पाण्याने पोट शेकते, उझिझा हा मिरीसारखा तिखट मसाला घालून यॅम नावाच्या कंदाचे गरम सूप पाजते, बाळाला न्हाऊ घालते. याच आठवड्यांत संप्रेरके उतरतात आणि पुष्कळ जणींचे वांग फिके पडू लागते. पूर्ण जायला काही महिने ते वर्ष लागते, आणि काही जणींचे जात नाही. पुढच्या खेपेला ते परत येऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्यांनीही येते, म्हणून आधी वांग झालेल्या स्त्रीने गोळी निवडताना डॉक्टरांना तसे सांगावे. काळेपणासोबत हिरड्या आणि तळहाताच्या रेषाही काळ्या पडत असतील, वजन घटत असेल, उभे राहिल्यावर भोवळ येत असेल, तर ते वांग नव्हे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या ॲडिसन रोगासाठी लगेच तपासणी करावी.