ब्राऊन शुगरच्या पुडीमागची बारीक ओळ

गेल्या आठवड्यात आईने बेळगावच्या बाजारातून ब्राऊन शुगरची, म्हणजे तपकिरी साखरेची, पुडी आणली. बाबांना मधुमेह. "मामी, ही न्या, शुगरवाल्यांनाबी चालतंय बघा," असं दुकानदाराने सांगितलं होतं. पांढऱ्या साखरेपेक्षा कितीतरी महाग. मी पुडी उलटी करून चष्मा लावून वाचलं. घटक दोनच होते, साखर आणि मळी.

मळी आपल्या भागाला नवी नाही. चिकोडी, अथणी, रायबागकडे कारखान्यांची धुराडी शेतातून दिसतात. तिथे रस चुन्याने आणि गंधकाच्या धुराने साफ करतात, आटवतात, दाणे धरले की यंत्रात गरगर फिरवून भोवतालचा काळा पाक वेगळा काढतात. हा पाक म्हणजे मळी. (गुऱ्हाळात रसावरच्या फेसालाही मळीच म्हणतात, ती वेगळी.) बाजारातली पुष्कळशी ब्राऊन शुगर म्हणजे शुद्ध केलेल्या पांढऱ्या साखरेला पुन्हा चोळलेली मळी. फिक्या रंगाच्या साखरेत ती साधारण साडेतीन टक्के असते, गडद साखरेत साडेसहा. काही साखरेत मात्र मळी मुळातच पूर्ण काढलेली नसते. दोन्ही नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात.

घरी एक करून बघा. पाण्यात साखर विरघळवत राहा, तळाशी न विरघळणारी साखर उरेपर्यंत. तो पाक गाळून घ्या, त्यात चमचाभर ब्राऊन शुगर ढवळा आणि बारीक गाळणीतून गाळा. पाकात आणखी साखर विरघळायला जागा नसते, त्यामुळे दाणे टिकतात आणि वरची मळी तेवढी धुऊन जाते. आमच्या गाळणीत पांढरे स्वच्छ दाणे उरले. आई बराच वेळ बघत राहिली. मळी मुळापासून असलेल्या साखरेचे दाणे धुतल्यावरही पिवळसर राहतात, कारण थोडा रंग दाण्याच्या आत अडकलेला असतो.

आता बाबांच्या चहाचं. १०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत सुमारे ३८७ कॅलरी, ब्राऊनमध्ये ३८०. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. कॅल्शियम म्हणाल तर ब्राऊनच्या ४ ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम ३ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं. 'शुगरवाल्यांना चालतंय' हे साफ खोटं आहे, आणि ते ऐकून कुणी दोन चमचे जास्त घालत असेल तर धोक्याचंही.

गूळ काहिलीतच आटतो, मळी वेगळी होतच नाही, म्हणून त्यात क्षार जास्त राहतात. पण मधुमेहाला तोही चालत नाही. आणि फार पिवळाधमक गूळ दिसला तर थांबा. तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरीचा, म्हणजे गूळ उजळ करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा असतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून पहिला शब्द नीट वाचायचा. १५० या आकड्यापुढे अक्षर दिसलं तर तो कॅरामेल रंग. हे सगळं पुडीवर असतंच, पण इंग्रजीत किंवा हिंदीत, कारण कायद्याला तेवढं पुरतं. आई मराठी वाचते, दुकानांच्या कन्नड पाट्याही वाचते. तिच्या हातातल्या पुडीवर या दोन्हींपैकी एकही भाषा नव्हती. जोडीला तिसरी भाषा छापायला कायद्याची आडकाठी नाही.