दूध पौष्टिक ठरलं कसं?

दूध-दुभतं तब्येतीला चांगलं, हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यामागचा शास्त्रीय पुरावा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे हे ध्यानातच येत नाही. त्यातला बराच पुरावा तर दूध-लोण्याला मुकलेल्या मुलांकडून मिळाला.

वापर मात्र फार जुना. तुर्कस्तानात सापडलेल्या इ.स.पू. सातव्या सहस्रकातल्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा आहेत. तेव्हाच्या बहुतेक मोठ्या माणसांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसे. आजही जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची ती क्षमता कमीच असते. आंबवल्यावर लॅक्टोज घटतं, म्हणून दही आणि चीज अनेकांना सोसतं.

एकोणिसाव्या शतकातल्या वाढत्या शहरांत कच्चं दूध क्षयासारखे रोग पसरवत होतं. १८८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी बाळांचं दूध तापवून निर्जंतुक करण्याचा मार्ग सुचवला. माझ्या मते दुधाच्या आरोग्यगुणांची गोष्ट इथूनच सुरू व्हायला हवी, कारण त्याआधी अनेक बाळांसाठी ते दूधच घातक होतं.

१९१३ मध्ये अमेरिकी संशोधक एल्मर मॅककॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांना दिसलं की वाढ खुंटलेले उंदीर लोण्यातल्या स्निग्धांशावर पुन्हा वाढू लागतात. त्यातला घटक पुढे 'अ' जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. माणसांतला पडताळा डेन्मार्कमध्ये, तोही दुःखद. लोणी परदेशी जात होतं आणि गरीब घरांतली मुलं मार्गारीन (लोण्याऐवजी वापरला जाणारा स्वस्त स्निग्ध पदार्थ) नि साय काढलेल्या दुधावर वाढत होती. त्यांचे डोळे कोरडे पडत, काहींची दृष्टी कायमची जाई. महायुद्धामुळे निर्यात अडली, १९१७ च्या अखेरीस लोण्याचं रेशनिंग होऊन ते गरिबांपर्यंत पोचलं, आणि पुढच्या वर्षी हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांनी या नोंदी ठेवल्या नसत्या, तर हा संबंध कदाचित निसटला असता.

१९२६ मध्ये डॉक्टर कॉरी मान यांनी इंग्लंडमधल्या मुलांच्या एका वसतिगृहातले निष्कर्ष मांडले. नेहमीच्या जेवणावर वर्षाला सरासरी ३.८५ पौंड वजन वाढे. रोज एक पिंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) जादा दूध घेणाऱ्यांचं ६.९८ पौंड वाढलं. उंचीही जास्त वाढली. ते नेहमीचं जेवण पुरेसं मानलं जात होतं, हे विसरू नये. बाकीचं ताट तोकडं असलेल्या वाढत्या मुलांत दिसलेला हा फायदा चांगलं खाणाऱ्या प्रौढाला तितकाच होईल, असं त्यातून निघत नाही.

१९४६ च्या कायद्यानं ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना रोज एक तृतीयांश पिंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध मोफत मिळू लागलं.